मागच्या गाठीतला तांबडा मणी

माझं माहेर कंधारकडचं, किल्ल्यापासून दोन कोसावर एक वाडी हाय, तितलं. बापाची चार एकर काळी जमीन होती, जवारी, करडई, तूर, कापूस निघायचा, खाऊनपिऊन बरं होतं, चार भैणींतली मी तिसरी, आन् तिसरी म्हणजे काय सांगू तुम्हाला, थोरलीचं लगीन करायचं आन् धाकटीला कडंवर घ्यायचं, मधलीकडं कोण बगतंय, म्हणून मी आपली मोकळी. चौथीपस्तोर शाळा झाली. बाजाराच्या दिवशी बापाच्या मागं मागं कंधारला जायची, आन् बाप बैलाची वेसण, दोरखंड बगंस्तोवर मी पटवेकऱ्याच्या म्होरं जाऊन बसायची. म्हातारा होता तो, पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दुसरं टोक दातात, आन् दोन्ही हात मोकळे, मणी असे सरसर सरसर वर चढायचे, मुंग्या चढतेत तसे. तो मला म्हणायचा, पोरी, उनात बसू नकोस, आन् मी म्हणायची, हाव, आन् तितंच बसून राहायची. मला कुणी शिकवलं न्हाई ताई, हे आधी लिवून घ्या. बगून शिकले.

पयली पोत, म्हणजे काळ्या मण्यांचं मंगळसूत्र, मी माझ्या मायची गाठवली. कापूस वेचून राहिलो होतो आम्ही, आन् पळाटीत अडकून मायची पोत वाढली. आमच्यात तुटली म्हणत न्हाईत, वाढली म्हणतात. माय जागची हालली न्हाई. एका हातानं गळा झाकला, आन् म्हणली, पोरींनो, पाय उचलू नका, मणी बगा. आता तुम्हीच सांगा, काळे मणी आन् काळी माती, काय दिसणार हाय? आम्ही चौघी भैणी गुडघ्यावर बसून माती वंजळीत घेऊन घेऊन बगत होतो, थोरलीनं घरून चाळणी आणली, दिवस कलला तवा कुठं मणी गोळा झाले. तवर मायनं वाटंवरल्या घरातून हळकुंड मागवून दोऱ्यात बांधून गळ्यात घातलं होतं, रिकाम्या गळ्यानं सवाष्णीनं उंबरा वलांडायचा न्हाई म्हणून. मी म्हणलं, माय, मी गाठवते. माय म्हणली, तुला येतंय का गं? म्हणलं, हाव. अंगठ्याला दोरा अडकवला आन् गाठवली की. पण एक मणी कमी भरला. सगळे झाले आन् मागं गाठीपाशी एका मण्याची जागा रिकामी. माझ्यापाशी बाहुलीच्या गळ्यातला एक काचंचा मणी होता, तांबडा, तो घातला. मायनं आरशात बगितलं, मान वळवून वळवून बगितलं, आन् म्हणली, ऱ्हाऊ दे, मागं केसाखाली कोण बगतंय, उलट दृष्ट लागायची न्हाई. माय मरंस्तोवर तो मणी तितंच होता. तवापासून मी जेवढ्या पोती गाठवल्या, हरेकीच्या मागच्या गाठीत एक तांबडा मणी. कुणी विचारलं तर सांगायची, दृष्टीचा हाय. कुणी विचारलं न्हाई तर सांगायची न्हाई.

लगीन झालं आन् लातूरकडल्या मुरुडला आले. आमचे हे शाळेत शिपाई होते, घंटा द्यायचे. लई गरीब सोभावाचा माणूस, पण टिंगल करायची खोड. मी हाव म्हणलं की म्हणायचे, आली बगा नांदेडची गाडी. कंधार नांदेडात, तिकडं हाव, हितं लातूरकडं व्हय म्हणतात ना. बेचाळीस वर्सं झाली, आता मी बी व्हय म्हणायला लागले, पण एकटी असले की हावच निघतंय तोंडातून.

धंदा कसा लागला ते सांगते. आमच्या घरापासून तिसरं घर विमलचं. विमल हे तिचं खरं नाव न्हाई, तुम्ही लिवून राहिलात म्हणून हे नाव सांगते, खरं लिवू नका, तिनं मला तशी शपथ घातली हाय, का ते पुढं येईलच. तर विमल आन् मी एकाच वर्सी ह्या गल्लीत आलो, ती औशाकडची, मी कंधारची, दोघींना बी हितलं कुणी वळखत नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकींना धरलं. एक दिवस ती आली, गळ्यात हळकुंड, हातात रुमाल, रुमालात मणी. म्हणली, गोदे, लेकरानं वढली गं, आन् मालक लातूरला गेलेत, आता मी पटवेकरी कुठं हुडकू? म्हणलं, बस. ती उंबऱ्यावर बसली, मी आत भितीला टेकून बसले, अंगठ्याला दोरा अडकवला. तिनं बगितलं आन् हसून हसून लोळायला लागली. म्हणली, अगं बाई, पायानं गाठवतीस व्हय माझं सौभाग्य! म्हणलं, पाय निसता धरून बसलाय, गाठवतेत हात, हसू नकोस, दोरा हलतोय.

मग तिनं चार जणींना सांगितलं, चार जणींनी चाळीस जणींना. मुरुड मोठं गाव, बाजार मोठा, आजूबाजूच्या खेड्याच्या बाया यायच्या, आन् माझा उंबरा कवा रिकामा राहिला न्हाई. पोतीशिवाय बी करायची मी, महालक्ष्म्यांचे हार, बारशाच्या लेकराच्या मनगट्या, मोत्याची चिंचपेटी, सगळं आपल्या मनानं. पण खरी गंमत पोतीची. का, तर पोत गाठवून होईपस्तोर बाईला जाता येत न्हाई. गळ्यात निसतं हळकुंड, अशी कुठं फिरणार ती? तास, दीड तास तिला उंबऱ्यावर बसावंच लागतंय. घरी कितीबी काम असू दे, सासू कितीबी कडक असू दे, कुणी तिला ऊठ म्हणू शकत न्हाई. मग ती बोलती. आधी पाऊसपाण्याचं, मग भावजयीचं, मग हळूच स्वतःचं. माझे डोळे मण्यावर, मान खाली, म्हणून तिला बी बोलायला बरं. किती जणींनी काय काय सांगितलं त्या उंबऱ्यावर, ते मी दोऱ्यात घालून गाठ मारली, कुणाला सांगितलं न्हाई. पोत झाली की मी तिच्या गळ्यात घालायची, हळदी-कुंकू लावायची, ती वाकून पाया पडायची, बारकी असली तर मी आशीर्वाद द्यायची, आन् ती गेली की दुसरी.

विमलचं तर काय, पोत वाढलेली असो नसो, दुपारची भांडी झाली की उंबऱ्यावर. मण्यातले फुटके मणी ती निवडून द्यायची. जवारी निवडावी तशी ताटात घेऊन बसायची. पस्तीस वर्सं बसली बगा.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायची न्हवती, पण ती सोडून पुढचं सांगितलं तर खोटं होईल. माझी थोरली जाऊ होती, आम्ही अक्का म्हणायचो. थोरले भाऊजी लवकर गेले, ती आमच्यापाशीच असायची. एक दिवस नवी नवरी पोत गाठवायला आली होती, सासूसंगट. दोऱ्याचं टोक निसटायलं होतं म्हणून अक्का आपली साध्या मनानं पुढं आली, म्हणली, आण गोदा, मी धरते. तिनं धरलं. नवरीच्या सासूनं निसतं माझ्याकडं बगितलं. आन् मी, काय सांगू तुम्हाला, मी म्हणलं, अक्का, चुलीवरचं दूध बगता का जरा. चुलीवर दूध नव्हतं. ते अक्काला बी ठावं होतं. तिनं टोक हळूच खाली ठेवलं, उठली, आन् आत गेली. पुन्हा कवा मण्याच्या ताटापाशी आली न्हाई. मी बी बोलावलं न्हाई. ती गेली त्याला बारा वर्सं झाली.

आमचे हे सहा वर्सांखाली गेले. रिटायर होऊन तीन वर्सं झाली होती, तब्येत धडधाकट, सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मला म्हणले, गरम होतंय, पाणी आण. मी तांब्या भरून आणंस्तोवर मान एका बाजूला. एवढंच. नांदेडची गाडी आली म्हणणारा माणूस गेला. लेक पुण्याहून आला, सून आली, विमल तेरा दिवस माझ्यापाशी झोपली, तिच्या हातानं मला भरवलं तिनं. माझ्या गळ्यातली पोत काढली तवा तिनंच हात धरला होता माझा. तिचे उपकार मी इसरणार न्हाई, हे बी लिवा.

चौदावा, पंधरावा दिवस असंल. लेक गेला होता, मी उंबऱ्यावर बसले होते. विमल आन् तिची सून घरातून निघाल्या. सुनंनं पदर गळ्याभवती घट्ट लपेटलेला, चैताच्या उन्हात. वारा आला, पदर सरकला, आन् मला हळकुंड दिसलं. पिवळंजर्द. मी म्हणलं, विमल, कुठं निघालीस गं? ती म्हणली, जरा लातूरला जाऊन येते, काम हाय. म्हणलं, बरं. ती दोन पावलं गेली, थांबली, मागं बगितलं, मला वाटलं आता येईल. पण तिनं सुनंला म्हणलं, चल लवकर, बस चुकंल. चाळीस किलोमीटर ताई. निसत्या हळकुंडावर सुनंला बसमधी घालून चाळीस किलोमीटर नेलं, पण तिसऱ्या घरात आणलं न्हाई.

मला राग आला का म्हणता? न्हाई आला. मला अक्का दिसली. चुलीकडं निघालेली.

मग हळूहळू सगळंच थांबलं. कुणी भांडलं न्हाई, कुणी तोंडावर काही म्हणलं न्हाई. महालक्ष्म्यांचे हार न्यायला यायच्या, मनगट्या न्यायला यायच्या, उभ्या उभ्या घ्यायच्या आन् जायच्या. हारासाठी कोण बसतंय? पोत कुणी आणंना. आन् विमल, ती दारावरून जाताना विचारायची, बरं हाय का गोदे? मी म्हणायची, बरं हाय. पण ती बसली न्हाई. उंबऱ्यावर बसली आन् कुणी म्हणलं असतं, काय गं, पोत गाठवायला आलीस का, तर? भ्याली ती. तिच्या मालकाला दम्याचा तरास, प्रत्येक हिवाळ्यात दवाखाना, अशी बाई भिणार न्हाई तर काय करंल?

लेक म्हणला, चल पुण्याला. गेले की. दोन महिने राहिले. चौथ्या मजल्यावर घर, दार लावलेलं, दाराला उंबरा म्हणून निसती फरशीची पट्टी. समोरच्या दारातली बाई मला दोन महिन्यात एकदा दिसली. म्हणलं, मला मुरुडला सोड, तितं निदान रस्त्यानं जाणारं माणूस दिसतंय. पण त्या दोन महिन्यात सुनंनं, अश्विनी तिचं नाव, माझ्या पिशवीतले मणी बगितले. पोर हुशार हाय. म्हणली, आई, हे तुम्ही करता? मला एक करून दाखवा. केलं. तिनं फोटो काढला, आपल्या गळ्यात घालून काढला, हिरव्या बांगड्यांच्या हातात धरून काढला, आन् मोबाईलवर टाकला. आठ दिवसांत सात पोतींची मागणी. मी म्हणलं, अश्विनी, मी हे करू का? ती म्हणली, कोण विचारतंय आई? नाव माझं, हात तुमचे.

असं हे सुरू झालं, आता चार वर्सं होत आली. ती तिकडून मोबाईलवर डिझाइन आन् पत्ता पाठवती, मी हितं गाठवते, डबीत भरते, कुरिअरमधी देते. नागपूरला जाती माझी पोत, ठाण्याला जाती, परवा एक देगलूरला गेली. बायकांचे मेसेज येतात, छान आहे, खूप आवडलं, अश्विनी मला वाचून दाखवती. गिऱ्हाईक कधी नव्हतं एवढं हाय. आन् माणूस एक न्हाई. दिवसभर मी आन् मणी. पोत गाठवून होती, घालायला गळा समोर नसतो, डबीचं झाकण लावायचं. कवा कवा मीच बोलत बसते डबीशी, कुणाची गं तू, सासू कशी हाय तुझी. हसू नका.

तांबडा मणी बी बंद झाला. सुरुवातीला घालायची, तर एकीची तक्रार आली, एक मणी चुकीचा आला आहे, बदलून द्या. अश्विनी म्हणली, आई, हे मुंबई-पुण्याच्या बायकांना कळत न्हाई, नका घालू. म्हणलं, बरं. आपलं नाव न्हाई, आपला मणी तरी कशाला?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. अश्विनीनं पत्ता पाठवला. मला वाचायला येळ लागतो, एक एक अक्षर जुळवत वाचते. नाव वाचलं, मारुतीच्या देवळामागं वाचलं, मुरुड वाचलं, आन् चष्मा काढून पुसून पुन्हा वाचलं. विमलच्या लेकाचं नाव. विमलची नात पल्लवी, तिचं लगीन ठरलं होतं, गल्लीला ठावं होतं. मी फोन लावला, म्हणलं, अश्विनी, हे तर आपल्या तिसऱ्या घरातलं हाय. ती म्हणली, अय्या, मग आई, कुरिअर कशाला, तुम्हीच दोन पावलं चालून द्या. तिला कळलंच न्हाई. म्हणलं, न्हाई म्हण त्यांना, मणी संपलेत म्हण. तर ती म्हणली, आई, असं कसं, पोरीनं लिहिलंय की फोटो आजीला दाखवला, आजीच म्हणली हीच पोत पाहिजे, दुसरी नको.

मी फोन ठेवला. तीन दिवस दोऱ्याला हात लावला न्हाई. पल्लवीला मी अंगाखांद्यावर खेळवलेली, तिच्या बारशाच्या मनगट्या माझ्या. तिच्या गळ्यात माझ्या हातची पोत पडावी, ह्याच्याहून मला काय पाहिजे होतं? पण त्यांना ठावं नसताना पडावी, हे चोरीसारखं झालं. बरं, सांगावं तर काय होईल? विमल परत करंल. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर लग्नात खोट काढतील. आन् न सांगावं, आन् उद्या त्या पोरीला, देव न करो, काही झालं तर? मी असल्या गोष्टी मानते का न्हाई, मला तवा कळंना. माझ्याच हातांकडं बगत बसायची.

चौथ्या दिवशी आंघोळ केली, देवापुढं दिवा लावला, आन् गाठवायला घेतली. काळे मणी, मधी बारीक सोनेरी, दोन पदरी. वाट्या त्यांचा सोनार लावणार होता, तेवढी जागा सोडली. इतकी नीट मी माझ्या जिंदगीत गाठवली न्हाई. सकाळी बसले ती दुपार कलंस्तोवर मान वर केली न्हाई. आन् मागची गाठ मारली, मेण लावलं, दोरा कापला, आन् बगते तर गाठीत तांबडा मणी.

चुकून पडला म्हणा. दोन वर्सं हात गेला न्हाई तिकडं, आन् तवाच गेला. चुकून होतं का मुद्दाम होतं, मला अजून उमगलं न्हाई. काढायचं तर सगळी उसवावी लागली असती, आन् लग्नाची पोत गाठवून उसवत न्हाईत. डबी बंद केली.

कुरिअरच्या हापिसात पोरगी बसती, तिनं पत्ता वाचला आन् म्हणली, मावशी, हे तर तुमच्याच गल्लीतलं हाय की, जाताना दिऊन टाका. म्हणलं, तू पाठव. ती म्हणली, अहो, हे आधी लातूरला जाईल, तितून परत हितं येईल, तीन दिवस लागतील. म्हणलं, जाऊ दे. लातूरला जाऊन आली की शुद्ध होती. ती येड्यासारखी बगायला लागली.

तिसऱ्या दिवशी गाडी आली, पोऱ्यानं विमलच्या दारात डबी दिली. मी खिडकीतून बगत होते. विमलनंच घेतली. दार लागलं. मी वाट बगून राहिले, आता येईल, भांडंल, डबी अंगावर टाकंल. कुणी आलं न्हाई. दोन दिवसांनी तिची सून अक्षता घेऊन आली, म्हणली, काकू, जेवायला या.

लग्नात अक्षता पडल्या, पंगती बसल्या, मी मागं बसले, आमच्यासारख्या बाया बसतात तितं. मंगळसूत्र बांधायची येळ आली, नवरदेवाच्या हाताला ते काही येईना, पोरं हसायला लागली, मग विमल पुढं झाली, पल्लवीचे केस उचलले, आन् मागं पोत सारखी केली. तिचं बोट मानेवर थांबलं. मला लांबून दिसलं. मी ताटाकडं बगायला लागले. ताटात अजून काही वाढलेलं नव्हतं.

त्याच्यानंतर महिना गेला, दीड महिना गेला. विमल दारावरून जायची, पण आता बरं हाय का गोदे, हे बी बंद झालं. मान खाली घालून जायची. मी मनाची समजूत घातली, कळलं तिला, आन् आता तोंड बी बगायचं न्हाई असं ठरवलं तिनं. म्हणलं, बरं झालं, एकदाचं संपलं. पण संपत न्हाई. दुपारची भांडी झाली की कान तिकडंच.

आन् एक दिवस दुपारी मागचं दार वाजलं. आमच्या मागच्या दारानं कुणी येत न्हाई, तिकडं बोळ हाय, काटे हायत. उघडलं तर विमल. पदर गळ्याभवती लपेटलेला. आत आली, पदर काढला, गळ्यात हळकुंड. रुमाल पुढं केला. म्हणली, गोदे, वाढली गं.

मी रुमाल घेतला. म्हणलं, लातूरला न्हाई गेलीस? ती म्हणली, गुडघे दुखतात. मग म्हणली, बोलू नकोस, गाठव.

ती मागच्या उंबऱ्यावर बसली. मी अंगठ्याला दोरा अडकवला. तिनं कोपऱ्यातलं ताट स्वतःच ओढून घेतलं आन् फुटके मणी निवडायला लागली, काही सांगावं लागलं न्हाई. अर्धी पोत झाली तवा मी मान खाली घालूनच म्हणलं, विमल, पल्लवीची पोत मी गाठवली होती. ती म्हणली, ठावं हाय. म्हणलं, कवा कळलं, लग्नात? ती म्हणली, येडी का खुळी तू? मोबाईलमधी फोटो बगितला तवाच वळखलं. फोटोतले हात कुणाचे का असंनात, पस्तीस वर्सं तुझी गाठ बगितली हाय मी. पल्लवीला म्हणलं, हीच मागव. दारात येऊन मागायची माझी छाती नव्हती, मोबाईलवरून मागितली. डबी आली तवा आधी मागची गाठ बगितली. तांबडा मणी नसता निघाला तर मला वाटलं असतं, गोदीनं माझ्या नातीला परकं केलं.

आन् मी दीड महिना मरत होते. म्हणलं, मग बोलली का न्हाईस? ती म्हणली, काय तोंडानं बोलू? एक फुटका मणी बाजूला टाकला. मग म्हणली, पल्लवी खुशाल हाय, सासू जरा तोंडाळ हाय पण नवरा चांगला हाय. आन् सांगत बसली. तिच्या गुडघ्याचं, मालकाच्या दम्याचं, सुनंचं. सहा वर्सांचं साठलेलं. मी ऐकत होते आन् मणी वर चढत होते. काय सांगू तुम्हाला, मी मुद्दाम हळू गाठवत होते.

पण पोत हाय, ती कवा तरी होतीच. झाली. तिच्या गळ्यात घातली. कुंकवाचा करंडा देवापाशी होता, तिनंच उठून घेतला, तिनंच बोटानं स्वतःला लावलं. ती म्हणली न्हाई की तू लाव, आन् मी हात पुढं केला न्हाई. दारात थांबली, बोळात डावीउजवीकडं बगितलं, म्हणली, गोदे, कुणापाशी बोलू नकोस, तुला माझी शपथ हाय. म्हणलं, हाव. ती हसली, म्हणली, आली बगा नांदेडची गाडी. आमच्या ह्यांचं बोलणं. मग गेली.

पुन्हा आली न्हाई. तिचा बी दोष न्हाई, लोकात राहायचंय तिला. दारावरून जाताना विचारती, बरं हाय का? मी म्हणते, बरं हाय. अश्विनीचे पत्ते येतात, डब्या जातात, दुपार होती, भांडी होतात. मागच्या दाराची कडी मी दिवसा लावत न्हाई.

आता ती परत कवा येईल, तर पोत वाढंल तवा. आन् सवाष्णीची पोत वाढावी असं मनात तरी आणावं का? पाप हाय ते. त्या दिवशी शेवटची गाठ मारताना माझ्या मनात आलं होतं, तुमच्यापाशी खोटं बोलत न्हाई. म्हणलं, जरा सैल मारली तर? सहा महिन्यांत दोरा घसरंल, ती रुमाल घेऊन मागच्या दारात येईल, दीड तास बसंल. कुणाला कळणार होतं? दोरा हातात धरून मी लई येळ थांबले. विमल म्हणली, काय झालं गं? म्हणलं, काही न्हाई, मणी बगत होते.

तांबडा मणी घातला, दोन येढे जास्तीचे दिले, दातानं वढून गाठ आवळली, वरून मेण लावलं. आता तिची जिंदगी सरंल, पण ती गाठ सुटायची न्हाई. ऱ्हाऊ दे तिच्या गळ्यात. तिचं कुंकू शाबूत ऱ्हाऊ दे.